राजपुत्र, पण नाव स्मिथ

नमस्कार मंडळी. आज एका रशियन राजपुत्राची गोष्ट, जो अमेरिकेतल्या जंगलात फादर स्मिथ म्हणून राहिला. हो, बरोबर ऐकलंत, राजपुत्र आणि नाव स्मिथ! खरं नाव दिमित्री गॅलित्झिन, जन्म १७७० चा, द हेगमधला. वडील तिथे रशियाचे राजदूत, आणि दिदरोसारखा नास्तिक विचारवंत त्यांच्या घरी मुक्कामाला. अशा घरातला मुलगा पुढे कॅथलिक झाला.

आता माझा आवडता किस्सा. १७९२ साल, रॉटरडॅमचा धक्का. लेक बावीशीचा सुद्धा नाही, घरचे म्हणाले दोनेक वर्षं अमेरिका बघून ये. आई, प्रिन्सेस आमालिए, पोचवायला आलेली. जहाज लांब उभं, तिथवर छोट्या होडीतून जायचं, आणि समुद्र खवळलेला. लाटा बघून ह्याचे पाय लटपटले, म्हणाला आई, आपण परत जाऊया का. आई प्रशियन फील्ड मार्शलची लेक हो, ती कसली ऐकतेय! मित्री, मला तुझी लाज वाटते, असं म्हणून तिने दंड धरला, आणि पुढच्या क्षणी साहेब धपकन पाण्यात. ढकललं, की झटापटीत पाय घसरला, सांगणारे दोन्ही सांगतात. मला विचाराल तर ढकललंच असणार. खलाशांनी ओढून होडीत घेतलं आणि निघाला तसाच, ओलाचिंब. आणि आपण बघा, एअरपोर्टवर पोरगं आत गेलं तरी काचेला नाक लावून उभे, वर फोनवर विचारतो लाडू चेक-इनमध्ये टाकलेस की हातात, असो.

तर दोन वर्षांसाठी गेलेला माणूस परत आलाच नाही. प्रवासात बडेजाव नको म्हणून आईचं माहेरचं आडनाव श्मेटाऊ घेतलेलं, अमेरिकनांच्या तोंडी त्याचं झालं स्मिथ. १७९५ ला बाल्टिमोरचे बिशप कॅरल यांनी त्याला धर्मगुरू केलं. १७९९ ला पेनसिल्व्हेनियात, अ‍ॅलेघेनीच्या डोंगरात, लाकडी ओंडक्यांचं चर्च बांधलं आणि लोरेटो गाव वसवलं. जमीन घेऊन शेतकऱ्यांना स्वस्तात द्यायची, पिठाची गिरणी काढायची, सगळं घरच्या पैशाच्या भरवशावर, आणि रशियन सरकारने कॅथलिक पाद्री म्हणून वारसाहक्कच काढून घेतला! कर्ज डोक्यावर. राजपुत्र, आणि उधारीवर.

म्हातारपणी घोड्यावरून पडले, पाय अधू झाला, पण डोंगरातल्या घरांना जाणं थांबवलं नाही. घसरगाडीत आडवं पडून, पांघरूण ओढून निघायचे. १८४० ला लोरेटोतच गेले.