हात आवरा, पाय मोकळे ठेवा

श्रोतेहो, नमस्कार.

बाळंतविड्यात आलेल्या दुपट्यांचा ढीग घरात तयार असतो. बाळाची अंघोळ आटोपली की आजी किंवा मालिशवाल्या मावशी त्यांतलेच एक उचलतात आणि बाळाला खांद्यापासून तळपायापर्यंत असे आवळून गुंडाळतात की, ते थोड्याच वेळात गाढ झोपी जाते. या रिवाजात तथ्य आहे, पण त्याचा खालचा अर्धा भाग, म्हणजे पाय आवळण्याचा, मला मान्य नाही.

आधी हातांविषयी. तान्हे बाळ झोपेत एकाएकी दचकते, दोन्ही हात फैलावते, बोटे ताणते आणि हात पुन्हा छातीशी ओढून रडू लागते. बाळ घाबरले किंवा त्याला दृष्ट लागली असे समजून घरात मीठ-मोहऱ्या शोधल्या जातात. परंतु ही जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया असून, हायडेलबर्गचे बालरोगतज्ज्ञ अर्न्स्ट मोरो यांच्या नावाने ती ओळखली जाते. पहिल्या काही महिन्यांत ती आपोआप मावळते. तोपर्यंत हात कापडाने अलगद आवरले, तर बाळ स्वतःच्याच दचकण्याने जागे होण्याचे प्रसंग कमी होतात.

पायांची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. ‘पाय बांधले नाहीत तर ते फेंगडे होतील’ हे वाक्य प्रत्येक बाळंतिणीने ऐकलेले असते. पोटात घडी घालून राहिलेल्या बाळाचे पाय जन्मतः वाकडे दिसणारच, आणि तो बाक साधारण दोन वर्षांचे होईपर्यंत कोणीही न बांधता कमी होत जातो. बांधण्याने खरा धोका पोहोचतो तो खुब्याला. मांडीच्या हाडाचा गोल माथा ज्या वाटीत बसतो, ती वाटी या वयात बरीचशी मऊ कूर्चेची असते. गुडघे सरळ करून, पाय एकमेकांना जुळवून तासन्‌तास आवळले, तर माथा वाटीतून सरकू पाहतो आणि वाटीची घडण बिघडते. जपानमध्ये १९७० च्या दशकात, पाय सरळ करून गुंडाळू नका असे देशभर सांगण्यात आले आणि खुबा निखळलेल्या बाळांचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. मूल कडेवर घेण्याची आपली रीत, ज्यात मांड्या फाकलेल्या आणि गुडघे दुमडलेले राहतात, ती खुब्याला उलट पोषकच आहे. बाळ पायाळू जन्मले असेल, तर खुब्याची तपासणी डॉक्टरांकडून आवर्जून करून घ्यावी.

गुंडाळण्यासाठी वापरून मऊ झालेले सुती लुगडे किंवा मलमल उत्तम. साधारण मीटरभर चौरस कापड कोपरा वर येईल असे तिरपे पसरावे, तो कोपरा आत दुमडावा आणि बाळाचे खांदे त्या दुमडीच्या रेषेवर ठेवावेत. एका बाजूचे कापड हातावरून छातीवर आणून पाठीखाली खोचावे, मग दुसऱ्या बाजूचे. छाती आणि कापड यांमध्ये आपली दोन बोटे सहज शिरली पाहिजेत. खालचा भाग पिशवीसारखा सैल सोडावा, म्हणजे गुडघे दुमडून बाहेरच्या बाजूला पडू शकतील. झोपवायचे ते उताणेच; कुशीवर किंवा पालथे कधीही नाही, आणि चेहऱ्यावर कापड येता कामा नये.

उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भातल्या मे महिन्यात, एकपदरी कापडही जास्त होऊ शकते. बाळाची मान घामेजली असेल किंवा छाती तापलेली लागत असेल, तर दुपटे काढून टाकावे. हातपाय थोडे गार लागले, एवढ्यावरून आणखी एक पदर चढवू नये. बंद खोलीत बाळंतिणीच्या शेकाची कोळशाची शेगडी पेटती ठेवणे तर धोकादायकच आहे, कारण तिचा विषारी वायू ना दिसतो ना त्याला वास येतो.

आणखी एक. तोंडाकडे जाणारा हात ही बाळाची भूक सांगण्याची खूण असते. हात बांधलेले असले की ती खूण दिसत नाही, म्हणून दुपटे झोपेपुरतेच ठेवावे आणि दूध पाजताना सोडावे. कमी वजनाच्या बाळाला दुपट्यापेक्षा आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणे अधिक हिताचे, आणि ते कसे करायचे हे रुग्णालयातूनच शिकून यावे.

बाळ कुशीवर वळण्याची खटपट करू लागले की गुंडाळणे थांबवावे, कारण हात बांधलेले बाळ पालथे झाले तर त्याला स्वतःला सावरता येत नाही. काही बाळे दोन महिन्यांतच ही खटपट सुरू करतात, तेव्हा चौथ्या महिन्याची वाट पाहत बसू नये. वळू लागलेल्या बाळाचे दोन्ही हात त्याच दिवसापासून मोकळे ठेवावेत, मग पहिल्या काही रात्री ते थोडे किरकिरले तरी चालेल.