मला दिसतं आणि मी दिसतो

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या वडिलांचं परभणीत सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढायचं, आऊट निघालेली चाकं सरळ करायची आणि तासाच्या बोलीवर सायकली भाड्याने द्यायच्या. तासाला चार आणे. दिवस मावळायला आला की वडील गिऱ्हाइकाला दिवा घेतल्याशिवाय हलू देत नसत. घासलेटवर चालणारा, हँडलच्या खाली अडकवायचा छोटासा दिवा. गिऱ्हाईक कुरकुरायचं, "मालक, चांदणं पडलंय की." वडील म्हणायचे, "चांदणं तुला. पोलिसाला दिवाच लागतो." त्या काळी बिनदिव्याची सायकल दिसली की चौकातला पोलीस दोन्ही चाकांची हवा सोडून मोकळा व्हायचा. मग गिऱ्हाईक सायकल ढकलत दुकानावर यायचं, भाड्यावरून भांडायचं, आणि पंप मारायला मी.

पुढे डायनामो आला. मागच्या टायरला टेकवायची ती बाटली, ६ व्होल्ट, ३ वॉट. खटका दाबला की घर्र घर्र सुरू. पायाला जरा जड जायचं, पण समोर उजेड पडायचा तो आपल्या पायाचा, याची ऐट काही और होती. खोट एकच. चढाला सायकल मंदावली की दिवा मंदावायचा, आणि थांबली की मिट्ट काळोख. फाट्यावर ट्रक जाऊ द्यायला आपण उभे राहणार, आणि नेमके तेव्हाच आपण अंधारात गडप होणार.

आता माझा नातू एकवीस गिअरची सायकल चालवतो. तिला डिस्क ब्रेक आहे, शॉकअप आहे, पाण्याची बाटली अडकवायला जागा आहे. दिवा नाही. मडगार्डही नाही, त्यामुळे मागची लाल काच लावणार कशाला, हाही प्रश्नच.

अंधारात सायकलवाला इतरांना दिसतो का, या विषयावर आज बोलायला मी बसलो त्याला कारण सात-आठ वर्षांपूर्वीची एक रात्र आहे. गंगाखेडहून परभणीला चारचाकीने येत होतो. जानेवारीचे दिवस, आठ वाजून गेलेले, कारखान्यांचं गाळप ऐन भरात. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या, अप्पर लाईट तसाच. माझ्या डोळ्यांपुढे नुसतं पांढरं. तो निघून गेला आणि पांढऱ्याचं काळं झालं, आधीपेक्षा दाट. त्या काळ्यात जमिनीपासून वीतभर उंचीवर एक पिवळा ठिपका दिसला. वर गेला. खाली आला. परत वर. हे काय आहे हे डोक्यात यायच्या आधी पाय ब्रेकवर गेला होता.

गाडी थांबली तेव्हा पुढे पाच-सहा पावलांवर सायकल होती. काळं स्वेटर घातलेला माणूस, कॅरिअरवर कडब्याच्या पेंढ्या आडव्या बांधलेल्या. मागच्या मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर त्या पेंढ्यांनी पार झाकून टाकलेला. डाव्या पायडलचे रिफ्लेक्टर कधीच गळून गेलेले. उजव्या पायडलचा एक तेवढा शिल्लक.

मी खाली उतरलो. हातपाय कापत होते, म्हणून आवाज चढला. "अहो, दिसत नाही तुम्ही!" तो पाय टेकून शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमच्या गाडीचा उजेड तर मला केव्हाचा दिसत होता."

श्रोतेहो, हे वाक्य मी अजून घोळवतो आहे. आपल्या मराठीत 'दिसणे' हे क्रियापद दोन्हीकडे चालतं. 'मला दिसतं' आणि 'मी दिसतो'. सायकलवाला मनातल्या मनात पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो. अंधारात वीस-पंचवीस मिनिटं काढली की डोळा सरावतो. चांदण्यात पांदी दिसते, बांधावरची बाभळ दिसते, कुत्रं दिसतं. मागून येणाऱ्या गाडीचा उजेड तर मैलावरून रस्ता पांढरा करत येतो. मला ही एवढी दिसते तर त्याला मी दिसत असेनच, असं आपलं मन हिशोब करतं. पण त्या गाडीतला डोळा सरावलेला नसतो. तो आत्ताच कुणाच्या तरी अप्पर लाईटने दिपलेला असतो.

आता थोडं गणित. मी विज्ञानाचा मास्तर, निवृत्त झालो तरी खोड जात नाही. ताशी ६० किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर पुढे जाते. ड्रायव्हरला काहीतरी दिसलं, ते उमगलं आणि पाय ब्रेकवर पडला, यात दीड सेकंद सहज जातो. त्यानंतर टायर रस्ता धरणार. कोरड्या, चांगल्या डांबरावर सगळं मिळून साधारण ४५ मीटर लागतात. कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं, म्हणजे साडेतीन मैदानं. वेग ८० झाला की पाच मैदानांच्याही पुढे. आणि डिपर टाकलेला दिवा गडद कपड्यातला माणूस दाखवतो तो त्याच्या कितीतरी अलीकडे. म्हणजे ८०च्या वेगात सायकलवाला दिसतो तेव्हा ब्रेक लावायचं अंतर आधीच संपलेलं असतं. त्यात ड्रायव्हर कितीही चांगला असो.

मग त्या एका ठिपक्याने माझी गाडी कशी थांबवली? मी पुस्तकं धुंडाळली. गुन्नार योहान्सन नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. माणसाच्या खांद्याला, कोपराला, गुडघ्याला, घोट्याला बारीक प्रकाशाचे ठिपके लावायचे, बाकी सगळं अंधारात. तो माणूस स्तब्ध असला की बघणाऱ्याला नुसते ठिपके दिसतात, काही बोध होत नाही. त्याने चालायला सुरुवात केली की क्षणात ओळखू येतं, हा माणूस आहे. आपल्या मेंदूला माणसाची हालचाल ओळखायचं वेडच आहे. मडगार्डवरचा लाल ठिपका मैलाचा दगड असू शकतो, उभी ट्रॉली असू शकते, कुंपणावर अडकलेलं चकचकीत पाकीट असू शकतं. पण वर-खाली होणारा पिवळा ठिपका म्हणजे पायडल, पायडल म्हणजे पाय, आणि पाय म्हणजे माणूस.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आपण मिरवत सांगतो ना? तर त्या जर्मनीत सायकलच्या पायडलला पुढे-मागे पिवळे रिफ्लेक्टर असलेच पाहिजेत, असा कायदा आहे. आणि आपल्या परभणीत नवी सायकल घेतली की सहा महिन्यांत ते पहिले गळतात आणि कुणी परत लावत नाही. दुकानातही कुणी मागत नाही, म्हणून दुकानदार ठेवत नाही. सायकलच्या रिफ्लेक्टरचा दर्जा ठरवणारा आदेश केंद्र सरकारने २०२० साली काढला आहे. त्यामुळे नवे घेताना आयएसआयची खूण जरूर बघा. पण गळून पडलेला रिफ्लेक्टर कितीही दर्जेदार असला तरी तो रस्त्यावर पडलेला आहे.

रात्री सायकल चालवतंय तरी कोण, असं शहरातले लोक विचारतात. शेतपंपाच्या थ्री फेज विजेची पाळी रात्रीची असली की ज्वारी-गव्हाला पाणी द्यायला, दारं धरायला शेतकरी निघतो तो सायकलवरच. डोक्याला बॅटरी बांधलेली असते. तिचा झोत पुढे पडतो, पाठ काळीच राहते. वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांतून सेकंड शिफ्ट सुटली की कामगार खोलीकडे निघतात. आणि मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळालेल्या आठवी ते बारावीच्या आपल्या लेकी. डिसेंबरात परभणीला पावणेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. जादा तास संपवून पोरी निघतात तेव्हा कडुसं पडलेलं असतं. अंधाराहून हीच वेळ वाईट. ड्रायव्हरने दिवे लावलेले नसतात आणि पोरींना वाटतं अजून उजेड आहे. नवरात्रात, कोजागिरीला तुळजापूरच्या वाटेने रात्रभर पायी जाणाऱ्या भाविकांनाही हे सगळं तसंच लागू आहे, त्यांच्याकडे तर पायडलही नाही.

आमच्या आजोबांच्या पिढीला ही अडचण कमी होती. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरा पटका. नकळत का होईना, माणूस दुरून दिसायचा. आता काळं जर्किन, काळी जीन्स. संक्रांतीला काळं घालावं, जरूर घालावं, पण वाण लुटून घरी सायकलने परतायचं असेल तर अंगावर एखादा पांढरा पंचा घ्यावा. पंचाने सगळं भागत नाही हेही सांगतो. पांढरं कापड उजेड चहूकडे उधळतं, ड्रायव्हरच्या वाट्याला त्यातला चिमूटभर येतो.

रिफ्लेक्टरची करामत वेगळी. त्याच्या आत एकमेकांना काटकोनात बसवलेले तीन-तीन आरसे असतात, खोलीचा कोपरा असतो ना, तसे. उजेड कुठूनही येवो, तीन उड्या मारून तो आला त्याच वाटेने परत जातो. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या माणसांनी तिथे असेच १०० कोपरे बसवलेला एक फलक ठेवला. पृथ्वीवरून लेसर सोडायचा, तो तिथून परत येतो, आणि चंद्राचं अंतर मोजता येतं. तुमच्या मडगार्डवरची लाल काच त्याच जातीची आहे. फक्त चंद्रावर काळ्या मातीचा चिखल नाही. आपल्याकडे पावसाळ्यात पांदीतून आलेल्या सायकलची लाल काच चार दिवसांत मातीच्या रंगाची होते. ती पुसायला फडकं लागतं आणि अर्धा मिनिट लागतो.

चिकटवायच्या पट्टीला आपण सगळे 'रेडियम' म्हणतो. तिच्यात रेडियम औषधालाही नाही. मारी आणि पिएर क्युरी यांना १८९८ साली सापडलेलं रेडियम आपलं आपण किरणं सोडतं, ही पट्टी फक्त परतवते. पण नाव बसलं ते बसलं. स्टँडजवळच्या रेडियमवाल्याकडे नंबरप्लेटी कापून उरलेलं कातरण पडलेलं असतं. ते मागून घ्या. घेण्याआधी मोबाईलचा उजेड मारून बघा, कारण नुसतं रंगीत प्लास्टिकही तो रेडियम म्हणूनच देतो. पायडलच्या दांड्याला, चाकाच्या तारांना, चपलेच्या टाचेला लावा. कडबा, दुधाच्या किटल्या, गवताचा भारा मागे बांधत असाल तर भाऱ्यावरही एक पट्टी बांधा, नाहीतर खालची काच असून नसल्यासारखी. बॅटरीवरचा मागचा लाल दिवा मिळाला तर उत्तमच. लाल मागे, पांढरा पुढे, हे मात्र उलटं करू नका. काही पोरं हौसेने पुढे लाल लावतात. समोरच्याला वाटतं सायकल पुढे चालली आहे, आणि ती असते अंगावर येत.

सगळा भार सायकलवाल्यावर का टाकता, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. समोरून कुणी येताना डिपर मारणं हे गाडीवाल्याचं काम आहे, ट्रॉलीला मागे दिवा लावणं ट्रॉलीवाल्याचं आणि रस्त्याच्या कडा भरून घेणं बांधकाम खात्याचं. त्यांच्याशी भांडायलाच हवं. पण ते भांडण दिवसा करू. आज रात्री दारं धरायला जायचं आहे.

तर जेवण झाल्यावर एवढं करा. सायकल गल्लीच्या टोकाला लिंबाच्या झाडाला टेकवा, मागचं चाक आपल्याकडे. पन्नास पावलं चालत या. बॅटरी कानशिलाला, डोळ्याच्या अगदी शेजारी धरा आणि सायकलवर मारा. कमरेजवळ धरलीत तर परतलेला उजेड पोटावर येईल आणि तुम्ही म्हणाल, काहीच दिसत नाही. जमलं तर घरातल्या कुणाला तरी पायडल उलटं फिरवायला सांगा.