मागची स्प्रिंग कडक का करायची?

(रत्नागिरीत गॅरेजचालक आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रांनो, अमेरिकेत मातीच्या अंडाकृती ट्रॅकवर शर्यती होतात. तिथे चार सिलिंडरच्या, पुढची चाकं ओढणाऱ्या जुन्या गाड्यांचा वेगळा वर्ग असतो. आपल्याकडे मातीवर शर्यत म्हणजे ऑटोक्रॉस, पण गाडीचा स्वभाव दोन्हीकडे सारखाच. मुलं माझ्याकडे येतात आणि आधी इंजिनाचं विचारतात. मी सांगतो, इंजिन राहू दे, आधी मागची स्प्रिंग बघ.

कारण समजून घ्या. मारुती ८०० मध्ये निम्म्याहून बरंच जास्त वजन पुढच्या चाकांवर असतं. गाडी ओढायची त्यांनीच, वळवायचीही त्यांनीच. मातीवर टायरची पकड आधीच कमी, त्यामुळे स्टीअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जात राहते. त्यात अंडाकृती ट्रॅकवर सगळी वळणं एकाच बाजूची, बहुतेक ठिकाणी डावीकडची. वळताना वजन उजवीकडे जातं आणि डावं पुढचं चाक हलकं होतं. आपल्या गाड्यांचं डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा भाग, साधं असतं, ते हलक्या चाकाला मोकळं सोडतं. चाक जागेवर फिरतं, धूळ उडते, गाडी पुढे सरकत नाही. इंजिनाची ताकद वाढवलीत तर ते चाक आणखी जोरात फिरेल, इतकंच.

आता मागच्या दोन्ही स्प्रिंगा कडक करा आणि पुढच्या त्या मानाने मऊ ठेवा. गाडी कलते तेव्हा तो कल मागचा भाग अंगावर घेतो. वजनाची बाजू बदलते ती जास्त करून मागच्या चाकांमध्ये, आणि पुढचं आतलं चाक जमिनीला धरून राहतं. वळणात मागचं आतलं चाक हवेत उचललं गेलेलं दिसेल. घाबरू नका, त्या चाकाला ओढायचं काही नसतं. एक मात्र सांगून ठेवतो: पुढचं मऊ करायचं म्हणून पुढचा स्टॅबिलायझर बार, म्हणजे दोन्ही बाजूंना जोडून गाडीचा कल रोखणारा दांडा, काढून टाकू नका. मारुती ८०० मध्ये तोच चाक धरणाऱ्या खालच्या आर्मला जागेवर ठेवतो.

दुसरी गोष्ट चार चाकांवरच्या वजनाची. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. मिरकरवाडा बंदरात मासळी तोलायला जो प्लॅटफॉर्म काटा असतो, तसा ३०० किलोचा एक काटा पुरतो. काट्याच्या उंचीच्या फळ्या उरलेल्या तीन चाकांखाली ठेवा, ड्रायव्हरला आत बसवा आणि एकेक चाक तोला. मग डावं पुढचं आणि उजवं मागचं यांची बेरीज करा. डावीकडे वळायचं असेल तर ती एकूण वजनाच्या निम्म्यापेक्षा थोडी जास्त हवी, म्हणजे आतलं पुढचं चाक जमिनीवर दाबलेलं राहतं. कमी भरली तर उजव्या मागच्या स्प्रिंगखाली पातळ स्पेसर, म्हणजे चकती, घाला. उजवीकडे मागे जरा उंच टायर लावलात तरी तेच घडतं.

यात आपली एक खास अडचण आहे. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला बसतो. आपला उजवीकडे, नेमका बाहेर. म्हणून बॅटरी डावीकडे घ्या. आणि सरावाचं मैदान तुमचंच असेल तर सरळ घड्याळाच्या दिशेने फिरा, म्हणजे ड्रायव्हर आत येईल. मग मी सांगितलेलं सगळं डावं-उजवं उलटं करून घ्या.

कॅम्बर, म्हणजे चाकाच्या झुकावाबद्दल थोडक्यात: दोन्ही पुढच्या चाकांचे माथे वळणाच्या आतल्या बाजूला झुकलेले हवेत. चांगले टायर पुढे, झिजलेले मागे.

टायरमधल्या हवेकडे मात्र दिवसभर लक्ष लागतं. आपली जांभ्याची माती सकाळी दवाने ओलसर असते, तेव्हा टायर मातीला चावतो, पकड मिळते. ऊन चढलं की धूळ उडून जाते, खाली कडक थर उरतो आणि त्यावर बारीक खडे गोळ्यांसारखे लोळतात. मग गाडी पुन्हा सरळ जायला लागते. अशा वेळी मागच्या टायरांत २-२ पीएसआय हवा वाढवत जा. मागची पकड थोडी सुटली की नाक आत वळतं.

सरावासाठी सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, दिसला की गाडी घालू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. बारसू, उक्षी, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं अशाच सड्यांवर आहेत. २०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. टायरखाली झिजलेली रेघ परत येत नाही. त्यापेक्षा मालकाला विचारून भातकापणीनंतरचं पडीक शेत घ्या.

चालवताना ब्रेक डाव्या पायाने दाबायला शिका. वळणात शिरताना उजवा पाय ॲक्सिलरेटरवर हलका राहू द्या आणि डाव्याने ब्रेक हलकेच दाबून ठेवा, मागचा भाग वळायला लागतो. तो जास्तच सुटला तर ब्रेक पूर्ण सोडा, पुढची चाकं जायचं त्या दिशेला करा आणि ॲक्सिलरेटर दाबा. पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. नवा मुलगा घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो आणि तिथेच गाडी गोल फिरते. म्हणून रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पोलादी सांगाडा), हार्नेस (शर्यतीचा सीटबेल्ट), हेल्मेट आणि अग्निशामक बसवल्याशिवाय हा सराव कुणालाही करू देऊ नका. बजेटमधले पहिले पैसे त्यावर, दुसरे स्प्रिंगांवर.