कात्रीच्या टोकावरचा मणी

श्रोतेहो, नमस्कार.

ऐन हंगामात पिंपळगाव बसवंतकडच्या एखाद्या पॅकहाऊसमध्ये डोकावलात, तर डोक्याला टोपी आणि हातात मोजे घातलेल्या बायका द्राक्षाच्या घडातला बारीक, तडकलेला किंवा डागाळलेला मणी कात्रीच्या टोकाने अलगद काढताना दिसतील. मणी किती मिलिमीटरचा हवा आणि गोडी किती उतरायला हवी, हे नेदरलँड्स किंवा इंग्लंडमधला खरेदीदार ठरवतो. जागतिकीकरण हा जड शब्द मला या कात्रीपाशी उमगतो.

१९९१ नंतर परदेशी बाजार मोकळा झाला आणि द्राक्षपट्ट्यात पैसा आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र बाजार लांब गेला, जोखीम बांधावरच राहिली. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याने युरोपात आपले कंटेनर अडकले. ते रसायन आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत तोवर नव्हतेच. चूक कोणाची यावर पुढे पुष्कळ खल झाला, पण औषध, मजुरी आणि कर्जाचा हप्ता बागायतदाराच्याच खात्यावर पडला.

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बरीचशी जहाजे सुएझ कालवा टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागली. न्हावाशेव्याहून निघालेल्या मालाचा प्रवास त्यामुळे लांबला आणि भाडेही वाढले. उतरलेला घड शीतपेटीतही दिवस मोजत असतो, आणि झाडावरचा घड जहाजासाठी थांबत नाही.

कांद्याची गोष्ट उलटी, कारण तिथे दार आतून बंद झाले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यात थांबवली, ती मे २०२४ मध्ये किमान दर आणि चाळीस टक्के शुल्काच्या अटींवर खुली केली. लासलगावच्या शेतकऱ्याला हातचे परदेशी गिऱ्हाईक गमावण्याची धास्ती वाटली, तर शहरातल्या गृहिणीला स्वस्त कांदा हवा होता. दोघांचेही म्हणणे रास्तच होते.

पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या मजूर टोळ्यांचा हिशेब याहून साधा आहे. माल अडला की काम अडते, आणि काम अडले की गावाकडची वाट. त्यांच्या कात्रीखालून निघालेला उत्तम घड समुद्रापार जातो. नापास झालेला, चवीला तितकाच गोड, संध्याकाळी आपल्याला हातगाडीवर मिळतो.