भाकरीचा तुकडा : पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेविषयी

बंधुभगिनींनो,

पंडिता रमाबाईंविषयी बोलायला उभा राहिलेला वक्ता बहुधा त्यांच्या विद्वत्तेपासून सुरुवात करतो. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ही बिरुदे दिली, ही हकिकत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. मला मात्र आज तिच्या काही वर्षे आधीच्या एका दिवसाविषयी बोलायचे आहे. त्या दिवशी हीच मुलगी एका परक्या दारात उभी होती आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब पुराणे सांगत गावोगाव, तीर्थोतीर्थी फिरत असे. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा रमा सोळा-सतरा वर्षांची होती. दक्षिणा मिळेना, मजुरी करायची नाही आणि भीक मागायची नाही हा घराचा बाणा, त्यामुळे जवळ होते नव्हते ते विकून संपले आणि शेवटी हे कुटुंब अरण्यात गेले. तेथे अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडपाला आणि मूठभर रानफळे यांवर काढले. पुढे थोड्याच काळात वडील गेले. मग आई आजारी पडली आणि भुकेच्या ग्लानीत तिने खायला मागितले. रमा शेजारच्या एका बाईच्या दारी गेली. बाजरीच्या भाकरीचा एवढासा तुकडा मागायचा होता, पण लाजेने आणि रडू आवरण्याच्या धडपडीत जीभ उचलेना. त्या भल्या बाईने काय ते ओळखून अन्न हातावर ठेवले. आई वाचली नाही. शव न्यायला माणसे मिळेनात. अखेर दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ आणि चौथी स्वतः रमा. तिची उंची कमी असल्यामुळे तिरडीचा भार तिला खांद्याऐवजी डोक्यावर घ्यावा लागला आणि मसणवट तेथून सुमारे तीन मैलांवर होते.

हे सगळे आपल्याला ठाऊक आहे ते रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले म्हणून. घराण्याचा अभिमान, त्या अभिमानापायी झालेली उपासमार, भाकरी मागतानाची लाज, यातले त्यांनी काहीही झाकले नाही. झेलम नदीच्या काठी थंडीच्या रात्री भावाबहिणीने वाळूत थडग्यासारखे खड्डे खणून, डोके तेवढे बाहेर ठेवून, अंगावर वाळू ओढून घेतली, हेही त्यांनीच सांगितले आहे. त्यांच्या धैर्याचा उगम कोठे होता, असे मला कोणी विचारले तर मी या न झाकण्याकडे बोट दाखवीन.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने त्यांनाही नेले. तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती. १८८३ मध्ये या मुलीला घेऊन वैद्यक शिकावे म्हणून त्या इंग्लंडला गेल्या, आणि वाँटेज गावच्या सिस्टरांच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मभगिनींच्या, आश्रयाला राहिल्या असताना वाढत्या बहिरेपणामुळे ती वाटही बंद झाली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्यानंतरची त्यांची पत्रे वाचताना कृतज्ञतेच्या ओझ्याखाली दबलेली बाई आपल्याला भेटत नाही. ज्यांच्या छपराखाली राहायचे, ज्यांचे अन्न खायचे, त्यांच्याशीच ही परदेशी, विधवा, बहिरी होत चाललेली बाई धर्मतत्त्वांवर सडेतोड वाद घालते आणि आपली सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला ठामपणे नकार देते. लपवायचे काही उरले नाही की भीती घालायला दुसऱ्याजवळही फारसे काही उरत नाही, असे ती पत्रे वाचताना मला पुन्हा पुन्हा वाटले.

त्यांच्या श्रद्धेची जडणघडण सांगताना एक गोष्ट सहसा निसटते. लंडनजवळ फुलहॅम येथे, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांमध्ये सिस्टर काम करीत होत्या, ते पाहून रमाबाई हलल्या. या बायकांना तुम्ही जवळ का करता, असे विचारल्यावर तेथल्या सिस्टरने त्यांना बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी (शोमरोन प्रांतातल्या) स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. त्या गोष्टीत दमलेला प्रभू येशू विहिरीजवळ बसलेला आहे आणि पहिले वाक्य बोलतो ते ‘मला प्यायला दे’ असे. लोक ज्या बाईला टाळत असावेत, तिच्याकडे देवाचा पुत्र पाणी मागतो. भाकरी मागताना जिची जीभ टाळूला चिकटली होती, तिने ही ओळ कोणत्या मनाने ऐकली असेल, याचा मी फार विचार केला आहे.

तरीही रमाबाई पुढे प्रांजळपणे लिहितात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. विधवांसाठी काढलेले शारदा सदन सुरू झालेले होते, नाव देशोदेशी पोहोचले होते, आणि अशा वेळी ही बाई म्हणते की मला रिकाम्या हातांनी, आहे तशी, त्याच्यापुढे जावे लागले. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेले ‘अशक्तपणातच शक्ती पूर्णतेस येते’ हे वचन आपण भिंतीवर फ्रेम करून लावतो. पौल ज्या व्यथेला ‘शरीरातला काटा’ म्हणतो, तो काढण्यासाठी पौलाने तीनदा विनवणी केली होती आणि काटा निघाला नव्हता, हे मात्र आपण विसरतो. अटक होण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभूनेही शिष्यांना सांगितले की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, माझ्याबरोबर जागे राहा. त्याने सोबत मागितली, आणि तीही त्याला मिळाली नाही.

येथे मला आपल्याच मंडळीविषयी थोडे बोलले पाहिजे. देवाने आपल्यासाठी काय केले हे सांगणाऱ्या आपल्या साक्षी बहुतेक वेळा भूतकाळात असतात: आजार होता, प्रार्थना केली, बरे झाले. जो अजून आजारी आहे, ज्याची नोकरी अजून गेलेलीच आहे, तो माणूस साक्ष द्यायला उठत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या घरात मोठे दुखणे होते. उपासना संपल्यावर दारात पाळकांनी हात हातात घेऊन ‘कसे काय?’ असे विचारले, तेव्हा ‘प्रभूच्या कृपेने सगळे ठीक आहे’ असे मी म्हणालो आणि घाईने बाहेर पडलो. ते उत्तर श्रद्धेचे नव्हते, घराण्याच्या अब्रूचे होते. अनंतशास्त्र्यांच्या कुटुंबाने ज्या बाण्यापायी उपास काढले, तोच बाणा माझ्या अंगात होता.

मात्र एक गोष्ट स्पष्ट करतो. अन्याय सोसणाऱ्या बाईला ‘तुझा क्रूस उचल आणि गप्प राहा’ असे सांगण्यासाठी अशक्तपणाच्या या शिकवणीचा फार वापर झालेला आहे आणि तो चुकीचा आहे. रमाबाईंनी सोसण्याचा उपदेश कधी केला नाही. विधवांवर काय गुदरते ते त्यांनी जगासमोर मांडले आणि त्यासाठी शिव्याशाप घेतले. आपले उणेपण उघड करणे आणि दुसऱ्याचा जुलूम मुकाट्याने सहन करणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

१८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात पसरला तेव्हा रमाबाई तेथे गेल्या. दुष्काळी छावण्यांतल्या मुली पाहताना त्यांना स्वतःच्या भुकेचे दिवस आठवले, असे त्या सांगतात. आठवण झाली की माणूस पाठ फिरवतो, हेच आपल्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत घडले असते. त्यांनी सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना आणण्याचा निर्धार केला. शारदा सदन पुण्यात होते आणि तेथे प्लेगचे निर्बंध आले, तेव्हा केडगावच्या शेतजमिनीवर त्यांची सोय करावी लागली. मुक्ती सदन उभे राहिले ते असे. एकेकाळी स्वतःच्या आईसाठी एक तुकडा मागता न आलेल्या या बाईने नंतर शेकडो मुलींसाठी देवाकडे आणि माणसांकडे न लाजता मागितले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी तेथे कृपा सदन झाले आणि अंधांना वाचायला शिकवले जाऊ लागले. फुलहॅमला पाहिलेले सारे केडगावच्या माळावर मराठीत रुजले.

शेवटची वर्षे त्यांनी बायबलच्या भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतल्या. संस्कृतात सभा जिंकणाऱ्या या पंडितेने आपल्या भाषांतरातून जड संस्कृत शब्द कटाक्षाने काढून टाकले, कारण ते खेड्यातल्या, नुकतेच अक्षर ओळखू लागलेल्या बाईला वाचता यावे अशी त्यांची इच्छा होती. ज्या बिरुदामुळे जग त्यांना ओळखत होते, ते त्यांनी या कामात बाजूला ठेवले. मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियाच खिळे जुळवीत होत्या. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. जिला कडेवर घेऊन समुद्र ओलांडला, जिच्या हाती सगळे काम सोपवायचे होते, ती एकुलती एक मुलगी गेल्यावर प्रकृती खचलेल्या रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला. छापलेले संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले, आणि कधीकाळी दुष्काळातून आलेल्या हातांनी त्याची पाने जुळवलेली होती.