डाग तोच, बरं का!

श्रोतेहो, नमस्कार. लाल, पिवळा, केशरी. यांना आपण उष्ण रंग म्हणतो. खरं तर गॅसची निळी ज्योत चुलीच्या पिवळ्या जाळापेक्षा जास्त तापलेली असते. पण ऊब म्हटली की डोळ्यांपुढे येते ती शेकोटीच.

आता आमच्या घरातली गोष्ट. चुलत बहिणीची हळद होती. तिने धाकट्या काकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर, अगदी छातीवर, हळदीचा पंजा उमटवला. तो पंजा मिरवत काका मांडवभर फिरला. संध्याकाळी काकूने सदरा मोरीत भिजवला, साबणाची वडी फिरवली आणि पंजा झाला लालभडक!

"अगं बाई, रक्त!"

मोरीपाशी दहा माणसं जमली. कुणी काकाचं बनियन वर करून बघतंय. आत्या म्हणाली, "लग्नघरात हा कसला अपशकुन!" तेवढ्यात आजी आली. सदऱ्याचा वास घेतला. "रक्त कसलं? हळद आहे ती. लिंबू आणा."

लिंबू पिळलं, पंजा पिवळा. साबण लावला, लाल. लिंबू, पिवळा. आम्हा पोरांनी तीनदा करायला लावलं, चौथ्यांदा आजीने धपाटा घातला.

हळदीला साबण, चुना, खार लागला की ती लाल होते. आंबट लागलं की परत पिवळी. डाग तोच, बरं का, डाग तोच! पिवळा होता तोवर शकुन, लाल झाला की अपशकुन. आणि आत्या अपशकुन म्हणाली तेव्हा तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. जुन्या पद्धतीचं कुंकूही हळदीचंच! लाल रंग कपाळावर सौभाग्याचा, सदऱ्यावर रक्ताचा. तो कुठे दिसतो, त्यावर सगळं. पिवळ्याचंही तसंच: जेजुरीला भंडारा उधळला की तो प्रसाद, आणि डोळे पिवळे दिसले की कावीळ.

जाता जाता सांगतो, दुकानात हल्ली अबोली रंगाला 'पीच' म्हणतात. आपल्याकडे अबोलीचं फूल आहे, पीचचं झाड किती जणांनी पाहिलंय? शेंदरी, विटकरी, डाळिंबी हे शब्द डोळ्यांपुढे वस्तू आणून ठेवतात. असो.

तर तो सदरा. आजीने वाळत घातला. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. दोन उन्हांत पंजा उडाला. काकू खूश. काका मात्र दोन दिवस गप्प होता. पोरगी सासरी गेली होती ना.

नमस्कार.