खिशातलं टपाल

(वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, 'पेनड्राइव्हवरून ई-मेल : का आणि कसं'. त्यातलं 'का' मी जो भेटेल त्याला ऐकवत असतो, त्यामुळे ते पाठ आहे. 'कसं'साठी संयोजकांनी पाऊण तास दिलाय, त्यातला बराचसा परिचयात आणि श्रीफळात गेलाच आहे. बघू किती उरतो.

आधी एक विचारतो. तुमची 2012 सालची ई-मेलं आत्ता कुठे आहेत? मागून कुणीतरी म्हणालं, "मोबाईलमध्ये." काका, विमान मोड लावा आणि 2012 चं एखादं पत्र उघडून दाखवा. उघडलं तर हे श्रीफळ तुमचं. मोबाईलमध्ये बहुधा अलीकडचं तेवढंच असतं. बाकी सगळं दुसऱ्याच्या कपाटात. आपल्याकडे फक्त किल्ली असते, आणि कुलूप बदलायचा अधिकार कपाटवाल्याकडे. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की पत्र आपल्याला आलंय ना, मग त्याची एक प्रत आपल्या हातात हवी. ती जवळ बाळगायला पेनड्राइव्हसारखी सोपी जागा नाही.

गंमत म्हणजे पूर्वी ती प्रत आपोआप घरात यायची, आणि कारण होतं काटकसर. विदेश संचार निगमनं 15 ऑगस्ट 1995 ला इंटरनेट सुरू केलं तेव्हा नेट म्हणजे टेलिफोन, आणि टेलिफोन म्हणजे बिल. मोडेम किंचाळायचा, मेल भराभर उतरवून घ्यायचं, लाइन तोडायची आणि मग पंखा लावून निवांत वाचायचं. पत्रं घरच्या संगणकात राहायची, कारण ऑनलाइन वाचणं परवडत नव्हतं. 4 जुलै 1996 ला हॉटमेल आलं. ते काढणाऱ्या दोघांपैकी सबीर भाटिया काही वर्षं आपल्या पुण्यातल्या शाळेत होता, हे सांगितल्याशिवाय पुण्यात व्याख्यान पूर्ण होत नाही. तिथे जागा दोन एमबी, म्हणजे दर आठवड्याला जुनी पत्रं पुसा. मग 1 एप्रिल 2004 ला जीमेल आलं, एक जीबी घेऊन. तारीख बघून लोकांना वाटलं एप्रिल फूल. तो नव्हता. त्या दिवसापासून आपण उतरवून घेणं सोडलं. जागा फुकट, शोध फुकट, मग घरात पसारा कशाला?

पसारा कशाला, ते आमच्या सोसायटीची गोष्ट सांगते. ही गोष्ट ज्यांनी माझ्याकडून आधी ऐकली आहे त्यांनी चहा बघून यायला हरकत नाही.

आमचे जुने सेक्रेटरी अकरा वर्षं पदावर होते. कुणी दुसरं होईना म्हणून होते, हे तुम्हाला सांगायला नको. सोसायटीचा ई-मेल पत्ता त्यांनीच एका मोठ्या मोफत सेवेवर उघडला आणि त्याला स्वतःचा मोबाईल नंबर जोडला. बिल्डरशी, आर्किटेक्टशी, लिफ्टवाल्याशी, महापालिकेशी सगळा व्यवहार तिथून. पुढे ते मुलाकडे कॅनडात गेले. जाताना जबाबदार माणसासारखा पासवर्ड बदलला, डायरीत लिहिला, आणि डायरी घर रिकामं करताना रद्दीत गेली. इकडचं सिमकार्डही बंद.

तोवर आम्ही मानीव अभिहस्तांतरणाच्या, म्हणजे बिल्डर करून देत नसला तरी जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून घ्यायच्या मागे लागलो होतो. ज्यांच्या सोसायटीत हे डीम्ड कन्व्हेयन्स झालेलं नाही त्यांनी हात वर करा. अरे बापरे. मग तुम्हाला माझं दुःख कळेल. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, तर बिल्डरकडे आपण वेळोवेळी मागणी केली आणि त्यानं काय उत्तरं दिली ते दाखवावं, असं वकिलांचं म्हणणं. बिल्डरनं 'पुढच्या महिन्यात नक्की' असं लेखी कबूल केलेलं होतं, सगळ्यांना आठवत होतं. पण ते त्या खात्यात, आणि खातं कुलूपबंद.

नवीन सेक्रेटरींनी 'पासवर्ड विसरलात?' दाबलं. ओटीपी गेला जुन्या नंबरवर. बंद पडलेला नंबर काही काळानं दुसऱ्याला देतात, तसा तो दिलेला होता. फोन उचलला जळगावकडच्या एका केळीच्या व्यापाऱ्यानं. आता विचार करा. अनोळखी नंबरवरून पुण्याचा माणूस बोलतोय आणि गोड आवाजात म्हणतोय, "दादा, तुमच्या मोबाईलवर आत्ता एक ओटीपी येईल, तेवढा सांगाल का?" त्या गृहस्थांनी आमच्या सेक्रेटरींना जे ऐकवलं ते मी या व्यासपीठावरून सांगू शकत नाही. वर सायबर पोलिसांकडे तक्रार करायची धमकी. मला तो माणूस फार आवडला. बँका इतकी वर्षं ओरडून सांगतात ते ऐकणारा निदान एक जण भेटला.

मग मेलसेवेच्या अर्जांची मालिका. शेवटचा पासवर्ड आठवतो का, खातं कोणत्या महिन्यात उघडलं, नेहमीच्या उपकरणावरून प्रयत्न करा. नेहमीचं उपकरण कॅनडात, तेही नवं. दर वेळी तेच यांत्रिक उत्तर : खातं तुमचंच आहे याची आम्हाला खात्री पटलेली नाही. मी म्हटलं, आमच्या सभासदांनासुद्धा कधी पटली नव्हती.

आणि मग आमच्या माजी खजिनदार काकू वार्षिक सभेत शांतपणे म्हणाल्या, "2019 पर्यंतची माझ्याकडे आहेत की." काकू शिक्षिका. दुपारी शाळेतला संगणक, रात्री मुलाचा, कधी भावाकडचा. स्वतःचा असा एकही नाही. म्हणून मुलानं त्यांना पेनड्राइव्हवर थंडरबर्ड, म्हणजे मेल उतरवून वाचायचा एक फुकट प्रोग्राम, टाकून दिलं होतं. जिथे बसतील तिथे खोचायचं, मेल उतरवायचं, हिशेबाची उत्तरं द्यायची, काढून पर्समध्ये. पद सोडल्यावर तो पेनड्राइव्ह पावतीपुस्तकांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत, रबरबँड लावून ठेवलेला. वर स्केचपेननं 'सोसा.'.

तो घेऊन आम्ही वकिलांकडे गेलो. त्यांच्या ऑफिसात बाहेरून आणलेला प्रोग्राम चालू द्यायचा नाही असा बंदोबस्त, आणि तो योग्यच आहे. पण फाइल वाचायला बंदी नव्हती. फोल्डरमध्ये 'इनबॉक्स' नावाची एकच फाइल, पुढे काही एक्स्टेंशन नाही. तिच्या शेजारी 'डॉट एमएसएफ'वाली छोटी फाइल, ती नुसती अनुक्रमणिका. पुसली तरी पुन्हा तयार होते. मोठी फाइल नोटपॅडमध्ये उघडली. पडदा बराच वेळ नुसता पांढरा, आणि मग एकदम सगळी पत्रं, एकाखाली एक. युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीच्या काळापासून चालत आलेली ही रीत, तिला एमबॉक्स म्हणतात. प्रत्येक पत्राच्या आधी 'फ्रॉम' या शब्दानं सुरू होणारी एक ओळ, मग कुठून कुठे गेलं त्याचे शिक्के, मग मजकूर. विशेष प्रोग्राम नसला तरी डोळ्यांनी वाचता येतं.

म्हणजे इंग्रजी वाचता येतं. बिल्डरचं इंग्रजी पत्र, त्यातल्या व्याकरणाच्या चुकांसकट, समोर होतं. आमची मराठी पत्रं मात्र अशी : बरोबरचं चिन्ह, ई, शून्य, बरोबरचं चिन्ह, ए, चार, बरोबरचं चिन्ह, नऊ, पाच. हा झाला आपला 'क'. एका अक्षराला नऊ खुणा! वकिलांचा क्लार्क म्हणाला, व्हायरस आहे. व्हायरस नव्हे बाबा, ती मराठी आहे. मेलची व्यवस्था मुळात इंग्रजी अक्षरांपुरती आखलेली, तिच्यातून देवनागरी पाठवायची तर असा वेश बदलावा लागतो. घरी थंडरबर्डमध्ये उघडल्यावर सगळं शुद्ध मराठीत दिसलं. फोटो आणि पीडीएफही असेच वेश बदलून जातात, तीन बाइटांचे चार होतात. तुमची तीन एमबीची फाइल मेलमध्ये चार एमबीची का होते त्याचं कारण हे.

आम्ही पाठवलेली पत्रं काकूंकडे नव्हती, कारण ती सेक्रेटरी पाठवायचे. पण आपल्याकडे उत्तराखाली आधीचं सगळं लटकवत ठेवायची जी सवय आहे, जिच्यावर मी एरवी चिडतो, तिनं वाचवलं. बिल्डरच्या एकेका उत्तराखाली आमची मूळ मागणी तारखेसकट होती. वकिलांनी इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या कलम 65-ब चं प्रमाणपत्र मागितलं, ते काकूंनी दिलं. अर्जाचं पुढे काय झालं हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आणि त्यात एवढं हसू येणार नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, आता 'कसं'.

2004 मध्ये जॉन हॅलर या अमेरिकन प्रोग्रामरनं फायरफॉक्स पेनड्राइव्हवरून चालेल असं करून दाखवलं, पाठोपाठ थंडरबर्ड. पोर्टेबलॲप्स नावानं ते आजही फुकट मिळतं. थंडरबर्डच कशाला? काकूंच्या मुलानं तेच दिलं होतं म्हणून, आणि ते अजून जिवंत आहे म्हणून. साधा प्रोग्राम आपली पत्रं आणि सेटिंग विंडोजच्या पोटात कुठेतरी ठेवतो. हा सगळं स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवतो : 'ॲप'मध्ये प्रोग्राम, 'डेटा'मध्ये तुमची पत्रं. पेनड्राइव्ह एका संगणकावर ई ड्राइव्ह आणि दुसऱ्यावर जी ड्राइव्ह झाला तरी सुरू होताना तो रस्ते जुळवून घेतो. मात्र हे विंडोजपुरतं.

खातं जोडताना पॉप की आयमॅप असं ठरवायचं असतं. आयमॅप म्हणजे आरसा. सर्व्हरवर पुसलं की इथेही पुसलं. पॉप म्हणजे पत्र उतरवून आपल्याकडे ठेवणं. प्रत हवी तर पॉप घ्या. जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन पॉप चालू करावं लागतं. थंडरबर्डमध्ये 'सर्व्हरवर पत्रं राहू द्या' ही खूण ठेवा, आणि तिच्या खाली '14 दिवसांपर्यंत' अशी खूण असेल तर ती काढा. नाहीतर दोन आठवड्यांनी मोबाईल रिकामा दिसेल आणि तुम्ही माझ्या नावानं शिव्या घालाल.

पेनड्राइव्ह बहुधा फॅट-32 पद्धतीनं फॉरमॅट केलेला येतो. त्यावर एक फाइल चार जीबीच्या वर जात नाही, आणि तुमचा अख्खा इनबॉक्स ही एकच फाइल आहे हे आत्ताच पाहिलं. तेव्हा वर्षावार फोल्डर करा, किंवा ही मर्यादा नसलेल्या एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करा. पुसलेलं पत्रही 'कॉम्पॅक्ट' म्हणेपर्यंत फाइलमध्ये जागा अडवून बसतं. प्रोग्राम फार रेंगाळत असेल तर 'ग्लोबल सर्च'ची खूण काढा, शोधासाठीची सूची पेनड्राइव्हवर सतत लिहीत राहणं कमी होतं. आणि अँटीव्हायरसला या फोल्डरपासून दूर ठेवा. एका पत्राच्या जोडपत्रात किडा सापडला म्हणून त्यानं पूर्ण इनबॉक्स फाइल उचलून कोठडीत टाकली, असं होतं. त्याच्या दृष्टीनं ती एकच फाइल, त्याचं काय चुकलं?

हरवण्याची भीती खरी आहे. थंडरबर्डमध्ये 'प्रायमरी पासवर्ड' लावला नाही तर ज्याला पेनड्राइव्ह सापडेल तो साठवलेले पासवर्ड सरळ वाचू शकतो. आणि लावला तरी त्यानं पासवर्ड झाकले जातात, पत्रं नाही. ती नोटपॅडमध्ये उघडतातच. त्यासाठी पेनड्राइव्हलाच कुलूप हवं. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे. कुलूप तिथे लावलं तरी उघडायला कुठलंही विंडोज चालतं.

सायबर कॅफे किंवा झेरॉक्सच्या दुकानातला संगणक? तिथे नको. पूर्वी याची जाहिरातच तशी व्हायची, कुठेही खोचा म्हणून. पण 2008 च्या अखेरीस कॉनफिकर नावाचा किडा पेनड्राइव्हच्या ऑटोरनमधूनही, म्हणजे खोचल्याबरोबर प्रोग्राम आपोआप सुरू करायच्या सोयीतूनही पसरला, आणि 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टला जुन्या विंडोजवरचं ते ऑटोरन बंद करावं लागलं. शिवाय तुम्ही काय टाइप करता ते तो परका संगणक टिपत असेल तर पेनड्राइव्ह काय करणार? मागे खुणा राहत नाहीत असं म्हणतात, तेही अर्धंच खरं. अमुक पेनड्राइव्ह लावला होता याची नोंद विंडोज ठेवतं, आणि जोडपत्र वर्डमध्ये उघडलंत तर वर्ड अलीकडच्या फायलींत त्याचं नाव मिरवतं. आपल्या विश्वासातल्या दोन-तीन संगणकांपुरतंच हे वापरा. ऑफिसात बंदी असेल तर वाद घालू नका.

शेवटचं. पेनड्राइव्ह ही एकमेव प्रत ठेवू नका. वर्षानुवर्षं वीज न मिळालेला पेनड्राइव्ह हळूहळू आतलं विसरतो. काकूंचा विसरला नाही हे नशीब. थंडरबर्ड आधी बंद करा, मग पूर्ण फोल्डर घरच्या संगणकावर कॉपी करा, मग 'सेफली रिमूव्ह', मग काढा. याच क्रमानं. उघड्या प्रोग्रामातून उपटलात तर सगळ्यात आधी ती अनुक्रमणिका बिघडते, आणि पत्रं गेली म्हणून मला रात्री फोन येतात. आधी ती एमएसएफ पुसून बघा, फोन नंतर.

संयोजक उभे राहिलेत. प्रश्न चहाच्या टेबलापाशी घेतो. लिनक्सवाल्यांचे आधी, ते तिघेच दिसतायत आणि तिघंही रागावलेले आहेत.